तो, ती, ते येतं ना? मग डेअर, डी, डास पण येईल

माझी मावसबहीण नर्स आहे, ठाण्यात नौपाड्याला राहते, आणि गेलं वर्षभर जर्मन शिकतेय. २०२४ मध्ये महाराष्ट्र सरकारने जर्मनीतल्या बाडेन-व्युर्टेमबर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळ पाठवायचा करार केला, तेव्हापासून आपल्याकडे नर्स, ड्रायव्हर, इलेक्ट्रिशियन असे कितीतरी लोक जर्मनच्या मागे लागलेत, त्यातलीच ती एक. एका रविवारी ती वही घेऊन माझ्याकडे आली. वहीत चारेकशे शब्द, सुंदर अक्षर, समोर मराठी अर्थ, आणि एकाही शब्दाच्या आधी आर्टिकल नाही, म्हणजे नामाचं लिंग दाखवणारं डेअर, डी किंवा डास नाही. म्हणाली, ताई, क्लासमध्ये सांगितलंय की आधी शब्द पाठ करा, आर्टिकल नंतर बघू.

मला ती वही बघून खरंच वाईट वाटलं, कारण ते चारशे शब्द तिला आता परत पाठ करावे लागणार होते. जर्मनमध्ये आर्टिकल हा शब्दाला नंतर चिकटवायचा स्टिकर नाहीये, तो शब्दाचाच पहिला तुकडा आहे. टिश म्हणजे टेबल असं पाठ करायचंच नाही, डेअर टिश म्हणजे टेबल असं करायचं, अगदी पहिल्या दिवसापासून. हा एक नियम पाळला तरी अर्धं काम झालं.

उरलेलं अर्धं कसं करायचं ते खाली लिहितेय. मी स्वतः नोकरी सांभाळून, ठाणे ते वाशी लोकलमध्ये जाता-येता शिकले आणि आता ओळखीच्या तीन-चार जणांना शिकवते, त्यातून जे कळलं ते हे. आणि सगळ्यात आधी एक गोष्ट, जी मला कोणीच सांगितली नव्हती आणि नंतर माझी मलाच कळली तेव्हा इतका आनंद झाला की काय सांगू: आपण मराठी लोक या बाबतीत फार पुढे उभे आहोत. इंग्रजीत वस्तूंना लिंगच नाही, हिंदीत दोनच, आणि मराठीत तीन आहेत, पुल्लिंग, स्त्रीलिंग, नपुंसकलिंग, जर्मनमध्ये आहेत तितकीच. चमचा तो, बादली ती, ताट ते, हे आपल्याला कोणी शिकवावं लागलं नाही. तीन खणांचं कपाट डोक्यात लहानपणापासून तयार आहे, त्यात नवे शब्द टाकायचेत.

उच्चाराबद्दल पटकन: मी इथे सगळं देवनागरीत लिहितेय, डेअर (पुल्लिंग), डी (स्त्रीलिंग), डास (नपुंसकलिंग). डास मधला आ लांबवू नका, चावणाऱ्या डासापेक्षा तो बराच आखूड आहे. बाकी उच्चार ऑडिओ ऐकूनच पक्के करा, देवनागरी फक्त आठवणीसाठी.

तर मराठीचा उपयोग कसा करायचा. पहिला उपयोग सर्वनामांसाठी. इंग्लिश मीडियमवाली मुलं किल्लीबद्दल बोलताना एस, एस करत बसतात कारण त्यांच्या डोक्यात इट असतं. जर्मनमध्ये किल्ली म्हणजे डेअर श्ल्यूसल, म्हणून ती कुठे आहे विचारलं तर उत्तर एअर, म्हणजे 'तो टेबलावर आहे'. डी टाशे म्हणजे बॅग, तिला झी. डास बूख म्हणजे पुस्तक, त्याला एस. वस्तूला तो आणि ती म्हणणं आपल्याला अजिबात विचित्र वाटत नाही, म्हणून विचार करताना इंग्रजी मध्ये आणूच नका, मराठीतून सरळ जर्मनकडे जा. आणि गंमत म्हणजे बोलताना जर्मन लोक एअर च्या जागी नुसतं डेअर पण म्हणतात. आपण नाही का, 'तो चमचा दे' मध्ये पण तो आणि 'तो कुठे गेला' मध्ये पण तोच वापरतो, अगदी तसंच. म्हणून मी शिकवताना सांगते की डेअर चं भाषांतर 'द' करू नका, 'तो' करा.

दुसरा उपयोग विशेषणांसाठी, आणि हे मला सगळ्यात जास्त आवडतं. मोठा टेबल, मोठी बॅग, मोठं पुस्तक. शेपूट बदलतं ना? जर्मनमध्ये आइन ग्रोसर टिश, आइने ग्रोसे टाशे, आइन ग्रोसेस बूख. ग्रोसर, ग्रोसे, ग्रोसेस म्हणजेच मोठा, मोठी, मोठं. शेवटचा आवाज बघा, र, ए, स, आणि हेच आवाज डेअर, डी, डास च्या शेवटी लिहिलेले असतात. म्हणूनच बऱ्याच क्लासमध्ये शब्दाच्या आधी पूर्ण आर्टिकल न लिहिता नुसती ही तीन अक्षरं लिहायची पद्धत आहे. एअर, झी, एस यांच्या शेवटी तेच. 'हा, ही, हे' साठी डीझर, डीझे, डीझेस, परत तेच. 'कोणता, कोणती, कोणतं' साठी वेल्शर, वेल्शे, वेल्शेस. एकदा हे र-ए-स कानात बसलं की अर्धं व्याकरण आपोआप उलगडत जातं, म्हणून मी सुरुवातीलाच यावर दोन दिवस घालवते.

यातून सरावाची एक चांगली युक्ती निघते. आइन म्हणजे 'एक', पण तो डेअर आणि डास दोन्हीसाठी सारखाच असतो, आइन टिश, आइन बूख, म्हणजे लिंग लपून जातं. म्हणून शब्द म्हणताना मध्ये एक विशेषण घाला. आइन ग्रोसर टिश म्हटलं की लिंग तोंडातून बाहेर पडतंच, लपवता येत नाही.

आता धोका. मराठीतली सवय घ्यायची, मराठीतली उत्तरं घ्यायची नाहीत. चमचा तो आणि डेअर ल्योफेल, जुळलं. पण काटा तो, आणि जर्मनमध्ये डी गाबेल. सुरी ती, आणि जर्मनमध्ये डास मेसर. एकाच ताटाशेजारी ठेवलेल्या तीन वस्तू आणि तिघांची तीन लिंगं, हे उदाहरण जर्मन शिकणारा प्रत्येक माणूस कधी ना कधी ऐकतोच. शरीराचे अवयव तर बरेचसे उलटे. हात तो पण डी हांट, डोळा तो पण डास आउगे, कान तो पण डास ओअर, नाक ते पण डी नाझे, डोकं ते पण डेअर कोप्फ, पोट ते पण डेअर बाउख. पाय मात्र जुळतो, डेअर फूस. माझी बहीण नर्स असल्यामुळे तिला हेच शब्द आधी लागणार होते आणि ती नेमकी इथेच अंदाजाने मराठी लिंग लावत होती. अवयव अंदाजाने करूच नका, ते पाठच करायचे.

सूर्य-चंद्र पण असेच. आपला चांदोमामा जर्मनमध्येही पुरुषच आहे, डेअर मोंट, पण सूर्य तिकडे बाई आहे, डी झोने. आणि नद्या? आपल्याकडे नदी म्हटली की आई, ब्रह्मपुत्रेला नद म्हणतात तसे मोजके अपवाद. जर्मनमध्ये डी डोनाउ आणि डी एल्बे बायका, पण राइन पुरुष, डेअर राइन, आणि युरोपबाहेरच्या बहुतेक मोठ्या नद्यांना ते डेअर लावतात, डेअर नील, डेअर आमाझोनास, आणि आपली गंगामैया सुद्धा डेअर गांगेस. पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला जरा लागलंच होतं ते.

असं असलं तरी काही जागा अशा आहेत जिथे मराठी आणि जर्मन इतक्या जुळतात की त्या पाठ करायची गरजच पडत नाही, आणि या जागा शब्दागणिक नाहीत, अख्ख्या गटाच्या गट आहेत. इथे नीट थांबून वाचा.

पिल्लं. मराठीत गाय ती, बैल तो, वासरू ते. घोडा तो, घोडी ती, शिंगरू ते. कोकरू ते, पिल्लू ते, लेकरू ते, बाळ ते. जर्मनमध्ये डी कू, डेअर श्टीअर, डास काल्प. डेअर हेंग्स्ट, डी श्टूटे, डास फोलेन. कोकरू डास लाम, कोंबडीचं पिल्लू डास क्यूकेन, मूल डास किंट, बाळ डास बेबी. लहान, अजून बाई-पुरुष न ठरलेलं ते 'ते', हा विचार दोन्ही भाषांत एकच. म्हणूनच डास मेडशेन, म्हणजे मुलगी, हे बघून जगभरचे लोक चक्रावतात तसं आपण चक्रावायचं कारण नाही, आपण पण 'ते पोरगं' म्हणतोच, आणि मालवणीत तर चेडू म्हणजे मुलगीच आणि तिला 'तां' म्हणतात. जर्मनमधलं खरं कारण मात्र शेपटात आहे. शेन हे लहानपण दाखवणारं शेपूट ज्या शब्दाला लागतं तो शब्द डास होतो, मग मूळ शब्द काही का असेना. लाइन या शेपटाचं पण तसंच.

बायकांची नावं. मालक-मालकीण, पाटील-पाटलीण, वाघ-वाघीण, सिंह-सिंहीण. जर्मनमध्ये लेरर-लेररिन म्हणजे शिक्षक-शिक्षिका, आर्त्स्ट-एर्त्स्टिन म्हणजे डॉक्टर आणि लेडी डॉक्टर, टीगर-टीगरिन, ल्योवे-ल्योविन. आपलं ईण, त्यांचं इन. सगळे डी. हे तर विसरणं कठीण आहे.

क्रियापदाचं नाम. पोहणं ते, वाचणं ते, खाणं ते, लिहिणं ते. मराठीत 'णं' लावून केलेलं नाम नेहमी नपुंसकलिंगी. जर्मनमध्ये क्रियापद जसंच्या तसं घेतलं, पहिलं अक्षर मोठं केलं आणि डास लावलं की झालं: डास श्विमेन, डास लेझेन, डास एसेन, डास श्राइबेन. जितकी क्रियापदं येतात तितकी नामं लिंगासकट फुकट मिळाली.

भाववाचक नामं. शक्यता ती, एकता ती, क्षमता ती, सुंदरता ती, आवश्यकता ती. मराठीत 'ता' दिसला की ती. जर्मनमध्ये हाइट किंवा काइट दिसलं की डी: डी म्योग्लिशकाइट म्हणजे शक्यता, डी आइनहाइट म्हणजे एकता, डी फेइशकाइट म्हणजे क्षमता, डी श्योनहाइट म्हणजे सुंदरता. पण अर्थावर जाऊ नका हं, शेपटावरच जा, कारण स्वातंत्र्य ते आणि आरोग्य ते असलं तरी जर्मनमध्ये डी फ्रायहाइट आणि डी गेझुंटहाइट. आणि उलटीकडे आपला 'वाद' तो: समाजवाद, राष्ट्रवाद, वास्तववाद. जर्मनमध्ये इस्मुस, तो पण डेअर: डेअर झोत्सियालिस्मुस, डेअर रेआलिस्मुस.

समास. देव तो, घर ते, मग देवघर? ते. कारण शेवटचा शब्द घर. लिंग नेहमी शेवटच्याचं. जर्मन लोक शब्दाला शब्द जोडून आगगाडी करतात त्याला लोक घाबरतात, पण तिथे सुद्धा फक्त शेवटचा डबा बघायचा. डास हाउस आणि डी ट्यूर मिळून डी हाउसट्यूर, घराचं दार. डी बान आणि डेअर होफ मिळून डेअर बानहोफ, स्टेशन. आणि हॉस्पिटल डास क्रांकेनहाउस, शेवटी हाउस म्हणून डास.

काळ आणि हवा. वार सगळे तो, महिने सगळे तो, उन्हाळा तो, हिवाळा तो, पाऊस तो, वारा तो. जर्मनमध्ये पण वार, महिने, ऋतू सगळे डेअर, आणि पाऊस डेअर रेगेन, वारा डेअर विंट. दिवस तो, रात्र ती, वर्ष ते हे तर तीनच्या तीन जुळतात: डेअर टाग, डी नाख्ट, डास यार. फक्त आठवडा तो आणि डी वोखे, इथे चुकाल. दिशा आपल्या ती, त्यांच्या डेअर.

हे झालं जुळणारं. आता शुद्ध जर्मन शेपटं, जी पाठच करायची, पण फार नाहीत. सगळ्यात कामाचं शेपूट उंग, ते नेहमी डी: डी वोनुंग म्हणजे फ्लॅट, डी त्साइटुंग म्हणजे वर्तमानपत्र, डी प्र्यूफुंग म्हणजे परीक्षा, आणि नर्ससाठी डी उंटरझूखुंग म्हणजे तपासणी, डी बेहांडलुंग म्हणजे उपचार. फक्त ते शेपूट असलं पाहिजे, श्प्रुंग म्हणजे उडी यात उंग हा मूळ शब्दाचाच भाग आहे म्हणून तो डेअर. शाफ्ट, ट्सियोन, टेट ही पण सगळी डी: डी इन्फोर्मात्सियोन, डी ओपेरात्सियोन, डी उनिव्हेर्झिटेट. इक आणि ऊर बहुतेक डी, मुझीक, पोलिटीक, नाटूर, कुल्टूर. डास साठी मेंट आणि उम: डास मेडिकामेंट म्हणजे औषध, डास डोकुमेंट, डास मुझेउम, डास त्सेंट्रुम, आणि ज्याची सगळे वाट बघत बसलेत ते डास व्हीझुम. डेअर साठी लिंग हे शेपूट, डेअर फ्र्यूलिंग म्हणजे वसंत ऋतू.

शेवटी नुसता ए येणारे शब्द बहुतेक डी असतात, टाशे, लांपे, श्प्रित्से, टाब्लेटे. पण डेअर नामे म्हणजे नाव, डेअर केझे म्हणजे चीज, डास एंडे, डास आउगे हे अपवाद रोजच्या वापरातले आहेत, म्हणून वेगळ्या पानावर लिहून ठेवा. आणि एर, एल या दोन शेपटांवर वस्तूंच्या बाबतीत अजिबात विश्वास ठेवू नका. ते काम करणारा माणूस असेल तर ठीक, डेअर फारर म्हणजे ड्रायव्हर. पण डेअर कॉम्प्युटर, डी बुटर, डास फेन्स्टर, तिन्हींच्या शेवटी एकच आवाज आणि तीन वेगळी आर्टिकल्स.

बाहेरच्या भाषांतून आलेले शब्द आपल्याकडे जसे आपलं लिंग घेऊन बसलेत तसेच तिकडेही. हॉटेल ते, तिकीट ते, ऑफिस ते, इथे जुळतं, डास होटेल, डास टिकेट, डास ब्यूरो. पण बस ती आणि डेअर बुस, टॅक्सी ती आणि डास टाक्सी, मोबाइल तो आणि डास हँडी. आणि आपल्याकडे एकाच बिल्डिंगमध्ये कोणी 'तो टेबल' म्हणतं कोणी 'ते टेबल' म्हणतं तसं जर्मनमध्ये पण चालतं. ई-मेल जर्मनीत डी, ऑस्ट्रियाकडे आणि स्वित्झर्लंडमध्ये डास पण. बाडेन-व्युर्टेमबर्गला जाणाऱ्यांनी लक्षात ठेवा, बटर पुस्तकात डी बुटर आहे पण दक्षिणेकडे बोलीत लोक डेअर बुटर म्हणताना ऐकू येतील. तुम्ही पुस्तकातलंच म्हणा, पण ऐकून गोंधळू नका.

आता ज्या शब्दांना ना शेपूट ना गट, त्यांचं काय. टिश, ल्योफेल, गाबेल, हांट, कोप्फ असे छोटे छोटे रोजचे शब्द. यांच्यासाठी मी ठाणं वापरते, म्हणजे शब्दशः.

तीन जागा ठरवल्या. डेअर साठी ठाणे स्टेशनचा प्लॅटफॉर्म, डी साठी ठाण्याची खाडी, डास साठी गडकरी रंगायतन. तो प्लॅटफॉर्म, ती खाडी, ते नाट्यगृह. मराठीतही बरोबर आणि जर्मनमध्येही बरोबर, कारण प्लॅटफॉर्म डेअर बानश्टाइग, खाडी डी बुख्ट आणि थिएटर डास तेआटर. (तलावपाळीचं तळं मुद्दाम घेतलं नाही, कारण तळं आपल्याकडे ते पण जर्मनमध्ये डेअर झे, आणि डी झे म्हटलं की अर्थच बदलतो, समुद्र होतो.) मग प्रत्येक शब्दाची वस्तू त्या जागी नेऊन ठेवायची, आणि असं चित्र करायचं की विसरताच येणार नाही. ल्योफेल म्हणजे चमचा, तर प्लॅटफॉर्मवर आडवा पडलेला माणसाएवढा स्टीलचा चमचा आणि गर्दी त्याला वळसा घालून चाललीये. गाबेल म्हणजे काटा, तर खाडीच्या चिखलात रोवलेला काटा आणि त्याच्या चार टोकांवर चार फ्लेमिंगो. मेसर म्हणजे सुरी, तर पडदा वर जातो आणि रंगायतनच्या स्टेजच्या मधोमध प्रकाशात एकटी सुरी. हांट म्हणजे हात, तर भरतीच्या पाण्यातून वर आलेला हात. कोप्फ म्हणजे डोकं, प्लॅटफॉर्मवर सगळीकडे डोकीच डोकी, याला तर कल्पना पण करावी लागत नाही.

शब्द आठवताना आधी जागा दिसते आणि जागा दिसली की आर्टिकल आलं. तुम्ही नवी मुंबईत असाल तर तुमच्या जागा घ्या, पण रोज बघता त्याच घ्या आणि तिन्ही एकमेकींपासून अगदी वेगळ्या दिसणाऱ्या घ्या. काही लोक रंग वापरतात, डेअर निळा, डी लाल, डास हिरवा, वहीसाठी ते छान आहे, मी पण वापरते, पण बोलताना मला रंग आठवत नाही, जागा आठवते.

पाठांतर लोकलमध्ये. ठाण्याहून वाशी गाडी पकडली की मध्ये दिघा गाव, ऐरोली, रबाळे, घणसोली, कोपरखैरणे, तुर्भे, सानपाडा, म्हणजे ८ टप्पे. एका टप्प्याला एक शब्द. दारं, माणसं, पिशव्या, जे समोर दिसतं त्यातलाच शब्द घ्यायचा, आर्टिकलसकट, अनेकवचनासकट मनात म्हणायचा, मग विशेषण लावून, मग जागेवर ठेवून. स्टेशन आलं की पुढचा. येताना तेच ८ उलट्या क्रमाने, आधी न बघता आठवायचे. रोजचे ८ कमी वाटतात पण आठवड्याचे ५ दिवस धरले तर महिन्याला दीडशेच्या वर जातात, आणि हे पक्के असतात. मोबाइलवर अँकीसारखं कार्डांचं ॲप असेल तर एकच नियम ठेवा: अर्थ आला पण आर्टिकल चुकलं तर अख्खं कार्ड चूक धरायचं. इथे स्वतःला सूट देऊ नका, प्लीज, ती सूट पुढे फार महाग पडते.

अनेकवचन का म्हणतेय? कारण तेही अंदाजाने येत नाही आणि लिंगाशी त्याचं नातं आहे. डी वाले शब्द बहुतेक न किंवा एन घेतात, गाबेल-गाबेल्न, टाशे-टाशेन. एर हे अनेकवचनाचं शेपूट बहुतेक डास वाल्यांना लागतं, किंट-किंडर, बूख-ब्यूशर, आणि डी वाल्यांना कधीच लागत नाही. म्हणून डी किंडर ऐकलंत तर एकवचन डी नसणार हे नक्की. आणि हो, अनेकवचनात सगळ्यांचंच आर्टिकल डी होतं, आपल्यासारखं ते, त्या, ती असं वेगळं नाही. डी टिशे दिसलं म्हणून टेबल बाई झालं नाही, ती खूप टेबलं आहेत.

यानंतर येते ती गोष्ट जिथे लोक क्लास सोडतात. डेअर चा डेन होतो, डेम होतो, आणि डी चा डेअर होतो. माझी बहीण म्हणाली, ताई, मग लिंग बदललं का? नाही गं. घोडा, पण घोड्याला. बादली, पण बादलीत. आपल्याकडे विभक्ती लागताना नामाचं सामान्यरूप होतं, त्यांच्याकडे नाम बहुतेक तसंच राहतं आणि आर्टिकल बदलतं, इतकाच फरक. कर्मात फक्त डेअर बदलतो, डेन होतो, बाकी दोघं जागेवर: मी ट्रेन बघते, इश झे-ए डेन त्सूक. मिट म्हणजे 'ने' किंवा 'बरोबर', त्याच्यापुढे डेअर आणि डास दोघांचं डेम, आणि डी चं डेअर. मिट डेम बुस, मिट डेअर बान, मिट डेम आउटो. हे तीन एका दमात रोज म्हणा, बसने, ट्रेनने, गाडीने.

यामुळे होणारी एक चूक मला प्रत्येकाच्या वहीत सापडलीये. धड्यात वाचतात 'इन डेअर क्यूशे', म्हणजे स्वयंपाकघरात, आणि वहीत लिहितात डेअर क्यूशे. मूळ शब्द डी क्यूशे आहे, वाक्यात तो फक्त विभक्तीत होता. इन डेअर श्टाट चं तसंच, मूळ डी श्टाट, शहर. म्हणून वाक्यातून लिंग कधीच उचलू नका, शब्द डिक्शनरीत बघूनच वहीत घ्या, ऑनलाइन डूडेन फुकट आहे, तिथे प्रत्येक नामापुढे लिंग आणि अनेकवचन दोन्ही असतं. जर्मनमध्ये सगळ्या नामांचं पहिलं अक्षर मोठं असतं त्यामुळे पानावर नामं शोधणं एकदम सोपं, पेन्सिल घेऊन बसा आणि एक पान पूर्ण करा.

माझ्या बहिणीने ती चारशे शब्दांची वही टाकली नाही. आम्ही आधी शेपटांचे आणि गटांचे शब्द वेगळे काढले, उंग, हाइट, ट्सियोन, इन, समास, वार-महिने, ते एका संध्याकाळीच निघाले, आणि उरलेल्या शब्दांना तीन रंगांची पेनं आणि तीन जागा. अडीच महिने लागले तिला. नर्सच्या कामाला तिकडे साधारण बी-टू लेव्हल (भाषेच्या सहा पातळ्यांमधली चौथी) लागते, ती अजून लांब आहे, पण आता नवा शब्द आला की ती आपणहून आधी आर्टिकल विचारते.

आणि बोलताना अडलंच तर काय करायचं, कारण अडणार तर आहेच. डे डे करत तोंडातल्या तोंडात पुटपुटू नका, ती सवय लागली की सुटत नाही. शेपूट बघा, नसेल तर जे सुचेल ते पूर्ण आणि स्पष्ट म्हणा. समोरचा माणूस बहुतेक वेळा तुमचाच शब्द बरोबर आर्टिकल लावून परत म्हणतो, तो क्षण पकडायचा आणि पुढच्या वाक्यात लगेच तसाच वापरायचा. तो नाही म्हणाला तर सरळ विचारा, चारच शब्द आहेत: डेअर, डी ओडर डास?